टिल्लीच्या कार्डावरचा रिकामा रकाना

९ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

घडलं ते असं:

१. शुक्रवारी, ७ तारखेला, संध्याकाळी पाळणाघरातून निरोप आला. टिल्लीच्या खोलीतल्या एका मुलाला गोवर निघाला आहे.

२. ते मूल आणि टिल्ली गुरुवारी सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत एकत्र होती. त्याआधी सर्दीमुळे टिल्ली आठवडाभर घरीच होती, म्हणजे संपर्क झाला तो एवढाच.

३. पाळणाघराच्या बाईंनी लसीचं कार्ड मागितलं. वहिनीनं काढलं. बाकी सगळे रकाने भरलेले होते. गोवराच्या रकान्यात तारीख नव्हती. टिल्ली चौदा महिन्यांची आहे.

४. मी कारण विचारलं. वहिनी म्हणाली, मावशींनी नको सांगितलं होतं, तुझ्यासाठी. दादा म्हणाला, आता कोणी कोणाला काही बोलायचं नाही.

५. सात चाळीसला मी वरच्या माझ्या खोलीतून बॅग घेऊन मागच्या जिन्यानं बाहेर पडले.

६. शनिवारी सकाळी अकरा वीसला टिल्लीला लस टोचली. संपर्कापासून पन्नास तास वीस मिनिटं झाली होती. बहात्तर तासांच्या आत दिली तर गोवर टळण्याची बरीच शक्यता असते. खात्री नसते.

७. मी सध्या आमच्या वजनकाटे तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. बाहेरगावचे तपासनीस आले की त्यांना जी खोली देतात, ती मला दिली आहे. खाट, टेबल, गॅसची एक शेगडी. खिडकीतून ट्रक तोलायचा काटा दिसतो.

हे मी तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. आमच्याकडे एखादा वजनकाटा चुकला की आधी चुकीची नोंद करतात, मग कारण शोधतात, दुरुस्ती शेवटी. कारण तुझ्याकडे आहे, म्हणून तुला लिहिते.

तुला माहीत असलेलंच एकदा कागदावर मांडते. गेल्या वर्षीच्या ३ मार्चला माझ्या हाडांतली रोगट मज्जा औषधांनी पुसून काढली आणि दादाची आत सोडली. त्या पुसण्यात लहानपणापासूनचं सगळं संरक्षण गेलं. रक्त नवं आहे, वीस महिन्यांचं. टिल्लीपेक्षा सहाच महिन्यांनी मोठं. गोवराची लस जिवंत विषाणूची असते, म्हणून मला ती दोन वर्षं पुरी होईपर्यंत मिळणार नाही. तोपर्यंत माझं संरक्षण म्हणजे माझ्या आजूबाजूची माणसं. घरात सर्वांत आधी लस मिळायला हवी होती ती टिल्लीला.

मला घरी परत जायचं आहे. टिल्लीला गोवर निघतो की नाही, यावर ते आधी अवलंबून आहे, आणि मार्चात माझी लस होते की नाही, यावर नंतर. दोन्ही गोष्टी माझ्या हातात नाहीत.

तू नको का सांगितलंस, ते कळव. आहे तो लोभ राहील, त्याची काळजी करू नकोस.

तुझी,
काटेकोर

—

१३ नोव्हेंबर

चि. काटेकोर हिस,
अनेक आशीर्वाद.

सात मुद्दे वाचले. मुख्याध्यापिका म्हणून एकोणतीस वर्षं मी लोकांना अशीच मुद्दे घातलेली पत्रं पाठवली. स्वतःला आलं तेव्हा कळलं, टेबलाच्या त्या बाजूची खुर्ची किती टणक असते.

आता कारण. तू दवाखान्यातून घरी आलीस तेव्हा तुझ्याबरोबर सूचनांचे कागद होते, चौदा पानं. तू अंथरुणावर, दादा कामावर, वहिनी पोटुशी. तुझं करायला येऊन राहिलेली मी, वाचणारी मीच होते. त्यात जिवंत लस देऊ नये असं होतं. ते तुझ्यासाठी होतं, हे मला कळलं होतं. मला वाचता येतं. पण माझ्या शाळेत एका पोराला जिन्यावरून धावायची बंदी झाली, की मी ती सगळ्या शाळेला लावत असे. एकाला वेगळं पाडलं की तो कानकोंडा होतो, आणि नियम पाळला जायचा तेवढा पाळला जात नाही. घरातही मी तेच केलं. जिवंत जंतू असलेली सुई घरातल्या कोणालाच नको, म्हणजे चुकूनमाकून तुझ्यापर्यंत काही यायला नको. वहिनीनं एकदा विचारलं होतं की डॉक्टरांना विचारू या का. मी म्हटलं, कागद आहे ना.

आता माझी बाजू. तुला सहाव्या वर्षी गोवर झाला होता. पडदे लावून मी नऊ दिवस तुझ्या उशाशी बसले होते, आणि डाव्या हातावर दोनशे बारा पुटकुळ्या आहेत असं तू मला मोजून सांगितलं होतंस. ज्याला एकदा झाला त्याला पुन्हा होत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वर दादाची मज्जा. त्यालाही लहानपणी लस टोचलेली. म्हणजे तुझ्या अंगात दोन दोन गोवरांचा बंदोबस्त. शिवाय या फेब्रुवारीचा तुझा रिपोर्ट मी पाहिला होता. गोवराविरुद्धची प्रतिपिंडं आहेत, असं त्यात छापलं होतं. मग तू एवढी घाबरलीस कशाला?

चुकत असेन तर सांग. तुझ्या पद्धतीनं सांग, मुद्दे घालून. पोरीच्या अंगात ताप आहे का, ते मात्र कोणी मला कळवत नाही. तेवढं कळव. त्या खोलीत खिडकी उघडी ठेवून झोपू नकोस. राग असला तरी जेव.

तुझी,
मावशी

—

१५ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

या वेळी मुद्दे घालत नाही.

सहाव्या वर्षीचा गोवर मला झाला होता हे खरं. पण त्याची आठवण ज्या पेशींनी ठेवली होती, त्या आता माझ्या अंगात नाहीत. दोनशे बारा आकडा मला आठवतो, माझ्या रक्ताला नाही. दादानं दिलं ते बियाणं होतं. त्यातून पीक नव्यानं येतं. त्याच्या लसीची थोडी ओळख सुरुवातीला बरोबर येते, पण ती टिकत नाही. त्यावर विसंबता येत नाही.

फेब्रुवारीचा रिपोर्ट चुकीचा नव्हता. मला तेव्हा दर महिन्याला सलाइनमधून दुसऱ्यांची प्रतिपिंडं देत होते. यंत्रानं तीच मोजली. आमच्याकडे काट्यावर कोणी हात टेकवून उभा राहिला तर काटा खोटं बोलत नाही, पण ते वजन मालाचं नसतं. त्याच महिन्यात शेवटची बाटली झाली. ऑक्टोबरात पुन्हा तपासलं. मोजता येईल इतकंही काही नाही.

आणि निरोगी मुलाला दिलेली ही लस घरातल्या दुसऱ्याला लागत नाही. हे मी डॉक्टरांना सरळ विचारून घेतलं. ते म्हणाले, रुग्णाच्या घरातल्यांनी ती वेळेवर घ्यायलाच हवी. चौदा पानांपैकी नवव्या पानावर हेही लिहिलं आहे. मी काल वाचलं. ते मी वीस महिन्यांपूर्वीच वाचायला हवं होतं. दुसऱ्यांची प्रमाणपत्रं मी ओळ न् ओळ तपासते, स्वतःचा कागद तपासला नाही. ती चूक माझी आहे, तुझ्या नावावर नाही.

टिल्लीला आज सकाळपर्यंत ताप नव्हता. राग नाही. जेवते. खिडकी बंद असते.

लोभ जसा आहे तसा.

तुझी,
काटेकोर

—

१७ नोव्हेंबर

चि. काटेकोर,
अनेक आशीर्वाद, आणि एक टपली.

फोनवर तुला काही सांगितलं की तू गप्प होतेस, आणि तुझं ते गप्प बसणं माझ्याच्यानं ऐकवत नाही. म्हणून लिहितो. छापखान्यात मशीन थंड होईपर्यंत वीस मिनिटं मिळतात, त्यात बसवतो.

टिल्लीला परवा संध्याकाळी ताप आला. एकशे एक. काल कानामागे आणि पोटावर पुरळ. तू विचारशील किती, म्हणून मोजायला गेलो. ती एका जागी बसेल तर ना. सदतीसपर्यंत पोचलो आणि तिनं माझा चष्मा ओढला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन शक्यता आहेत. एक, लस टोचल्यावर सातव्या-आठव्या दिवशी काही मुलांना असा हलका ताप आणि पुरळ येतं. ते लसीचं काम चालू असल्याचं लक्षण, त्यापासून कोणाला काही होत नाही. दुसरी शक्यता तुला माहीत आहे. दिवसांचा हिशेब दोन्हीकडे बसतो. डोळे लाल नाहीत, खोकला नाही, हे चांगलं. पण नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही म्हणाल्या. घशाचा नमुना घेतला. मोठ्या प्रयोगशाळेत लसीचा विषाणू आणि बाहेरचा विषाणू वेगळा ओळखता येतो. सहा दिवस लागतील. नमुना घेताना टिल्लीनं त्यांचं बोट चावलं. आपल्या घरातलीच आहे याची खात्री पटली.

वहिनी काल बस चालवायला गेली नाही, आजही नाही. डेपोत सांगून टाकलं तिनं, माझ्या हातात स्टिअरिंग देऊ नका, लक्ष लागणार नाही. माझ्याशी बोलते, पण मावशीचं नाव निघालं की भांडी जोरात ठेवते. मावशीला मी अजून कळवलेलं नाही. कळवू का? कळवायला पाहिजे.

तुझी खोली तशीच आहे. टिल्ली रोज जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन वर बघते आणि आत्त, आत्त करते. मग मी तिला सांगतो की आत्या काटे तपासायला गेली आहे. तिला पटत नाही. मलाही फारसं पटत नाही.

वीस मिनिटं संपली. तू बाहेर पडलीस ते बरोबर केलंस, हे सांगायचं राहिलं होतं. माझ्या हाडातला माल आहे तो, सांभाळून वापर.

तुझा,
दादा

—

२४ नोव्हेंबर

चि. काटेकोर हिस,
अनेक आशीर्वाद.

आधी बातमी, मग बाकीचं. नमुन्यात लसीचाच विषाणू निघाला. बाहेरचा नाही. टिल्लीला गोवर झालेला नाही. ताप १८ तारखेलाच उतरला होता, पुरळही गेलं. या क्षणी ती माझ्या चपलेत दोन बटाटे घालून ती ओढत फिरते आहे.

तू म्हणशील मावशी तिथे कशी. दादानं मलाही लिहिलं, ते पत्र मिळालं त्याच दुपारी निघाले. दार वहिनीनं उघडलं. मी म्हटलं, हाकलून दिलंस तरी बाहेर पायरीवर बसेन. तिनं हाकललं नाही. माझ्या हातात थर्मामीटर दिला आणि दर चार तासांनी लिहायचं म्हणून वही दिली. या वयात मला कोणी गृहपाठ दिला नव्हता. सहा दिवस एक नोंद चुकवली नाही, पाहायची असेल तर वही ठेवली आहे.

काल निकाल आला. वहिनी स्वयंपाकघरात खाली बसली आणि रडली, मग उठून चहा टाकला, आणि तेव्हा बोलली. म्हणाली, तुम्ही चुकलात याचा मला राग नाही, चूक कोणाचीही होते. तुम्हाला विचारायची सोय नव्हती, याचा राग आहे. मी एकदा विचारलं, तुम्ही कागद दाखवलात, आणि मी गप्प बसले. आई असून गप्प बसले.

एकोणतीस वर्षं मी वर्गावर्गात जाऊन सांगत होते की शंका विचारा, शंका विचारणारा हुशार. घरात एकालाही विचारू दिली नाही. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिणार नाही.

मी उद्या परत जाते. टिल्ली गोड आहे, पण तिची कसलीही जबाबदारी यापुढे मला देऊ नका. लांबून बघेन. शिक्षा म्हणून नाही. माझी मला भीती वाटते.

तू आणि हे घर, दोन्ही नीट राहा, एवढंच मागणं.

तुझी,
मावशी

—

१७ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल लस झाली.

गावात गोवराची साथ फेब्रुवारीपर्यंत रेंगाळली, म्हणून मी इथेच राहिले. टिल्लीचा दुसरा डोस डिसेंबरात झाल्यावर डॉक्टर मला घरी जायला हरकत नाही म्हणाले होते. मी गेले नाही. तू मला हट्टी म्हणालास. असेन. एकदा घरी जाऊन पुन्हा बॅग भरायची वेळ आली असती, तर मला जमलं नसतं. हे तेव्हा सांगता आलं नाही.

काल डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. दोन वर्षं झाली का. झाली, वर तेरा दिवस. प्रतिकार दाबणारी औषधं बंद होऊन वर्ष झालं का. पंधरा महिने झाले, आणि तुझ्या मज्जेनं माझ्या अंगाशी भांडणही काढलेलं नाही. सलाइनमधली प्रतिपिंडं थांबून किती महिने झाले. तेरा महिने. नाहीतर लसीचा विषाणू उसन्या प्रतिपिंडांनीच मारून टाकला असता आणि माझ्या रक्ताला काही शिकायला मिळालं नसतं. तिन्ही उत्तरांवर त्यांनी खूण केली आणि म्हणाले, बाकीच्या लोकांना ही तयारी करून यायला मी दोनदा सांगतो. मी म्हटलं, मी नववं पान पाठ केलं आहे.

सुई दंडाच्या मागे, कातडीखाली. अर्धा मिलिलिटर. नर्सबाईंनी विचारलं की लहान मुलांसारखं काही चिकटवू का वर, हत्तीचं चित्र आहे. मी हो म्हटलं. हे वहिनीला सांगू नकोस.

सहा आठवड्यांनी रक्त तपासतील. नव्या मज्जेवर ही लस प्रत्येकात लागतेच असं नाही. लागली नाही तर पुन्हा देतात. मी दोन्ही शक्यता धरून चालले आहे.

खरं तर धरून चाललेले नाही. मला ती लागायला हवी आहे.

तुमच्या तिघांचा लोभ या खोलीपर्यंत पोचतो, मोजायची गरज पडलेली नाही.

तुझी,
काटेकोर

—

४ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

लस लागली.

२७ एप्रिलला रक्त दिलं, ३० तारखेला कागद हातात आला. रक्त तपासलं त्या प्रयोगशाळेत संरक्षणाची रेषा दोनशेला आहे. माझा आकडा एक हजार एकशे चाळीस. आधी शून्य होतं, मध्ये कोणाचीही बाटली चढवलेली नाही, त्यामुळे हे सगळं मीच तयार केलेलं आहे. डॉक्टरांनी दरवर्षी तपासायला सांगितलं आहे, कारण आकडा घसरू शकतो. मी कागद तीनदा वाचला. तारीख, नाव, एकक, सही. मग दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मोठ्यानं हसले. एक वॉर्डबॉय थांबला आणि बाई, सगळं ठीक ना, असं विचारून गेला. मी त्याला आकडा सांगितला. त्याला काही कळलं नाही, पण तो अभिनंदन म्हणाला.

प्रयोगशाळेत आमच्या साहेबांनी कागदाची प्रत मागून घेतली आणि त्या दिवशीच्या प्रमाणपत्रांबरोबर भिंतीवर लावली. वर लिहिलं, तपासलं, योग्य. सहा महिने त्या खोलीत राहिल्याबद्दल त्यांनी मला एकदाही काही विचारलं नव्हतं. जाताना सगळे दारापर्यंत आले. काटा दुरुस्त करणारे काका म्हणाले, आता ट्रकच्या काट्यावर उभी राहा, किती भरतेस बघू. उभी राहिले. ट्रकचा काटा, वीस किलोच्या आत त्याला माणूस समजतच नाही. साठ दाखवलं. दवाखान्यातून आले तेव्हा एकेचाळीस होते.

२ तारखेला घरी गेले. पुढच्या दारानं. टिल्लीनं आजपर्यंत मला तोंडावर मास्क असतानाच पाहिलं होतं. मी दारातच तो काढला, तर ती किंचाळून वहिनीच्या मागे लपली. दादाला एवढं हसू आलं की तो खुर्चीवर बसला. पाऊण तास ती माझ्याकडे आडून बघत होती. मग हळूच आली, माझ्या हनुवटीवर बोट ठेवलं, नाक ओढलं, ओठ वर करून दात पाहिले, सगळं जागेवर आहे ना याची पूर्ण तपासणी केली, आणि मांडीवर येऊन बसली. आत्त म्हणाली. मी तिला उचलून घेतलं. अकरा किलो दोनशे. हा अंदाज आहे, मोजलं नाही. मोजायचं सुचलं नाही.

त्यानंतर दोन दिवस मी वरच्या खोलीत फक्त झोपायला गेले आहे.

आता वहिनीचा निरोप. तिचा आहे, माझा नाही, आणि तिनं तो लिहून द्यायला सांगितला आहे. नव्या मोठ्या बसचं प्रशिक्षण तिला मिळालं आहे, दुसऱ्या शहरात, १८ ते २६ मे. दादाला छापखान्यातून सुटी नाही. दादानं पाळणाघराचं नाव काढलं, तर वहिनी म्हणाली, पाळणाघर कशाला, टिल्ली मावशींकडे राहील. दादानं तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, त्यांना विचारलेलं चालतं हे मला आता माहीत आहे, आणि थर्मामीटरची वही त्यांच्याइतकी नीट कोणी ठेवत नाही.

नोव्हेंबरात तू काय लिहिलं होतंस ते मला आठवतं. तेव्हा मी त्यावर काही बोलले नाही, कारण माझ्याकडे आकडा नव्हता. आता आहे, म्हणून बोलते. तुझी चूक पन्नास तास वीस मिनिटांत सापडली आणि दुरुस्त झाली. आमच्याकडे दुरुस्त झालेला काटा कपाटात ठेवत नाहीत, कामाला लावतात. शिवाय तू एकटी नसशील. माझी सव्वीस दिवसांची रजा साचली आहे. त्यातली, मधला रविवार सोडून, आठ दिवसांची मी काढते आणि टिल्लीबरोबर येते. आगगाडीनं, सगळ्या माणसांमध्ये बसून. दोन वर्षांत मी गाडीत बसलेले नाही. मला खिडकीची जागा नको, मधली हवी.

टिल्लीचं कार्ड बरोबर आणीन. एकही रकाना रिकामा नाही.

तिकिटं १५ तारखेला काढायची आहेत. हो की नाही, एवढंच लिही. उत्तर १४ मेपर्यंत पोचायला हवं.

तुझी,
काटेकोर